आधी बाहेर पडण्याचा रस्ता दाखवा

हातात मावणाऱ्या ऑर्गनायझरांची तुलना म्हटली की एक ठरावीक तक्ता समोर येतो. पडदा केवढा, रंगीत की करडा, प्रोसेसर किती मेगाहर्ट्‌झचा, मेमरी किती, बॅटरी किती पुरते आणि शेवटी, त्यावर चालणारे प्रोग्रॅम किती हजार. नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या न्यूटन, पाम, सायऑन, पॉकेट पीसी, झॉरस या ऑर्गनायझरांमधली चुरस बहुतेक वेळा याच तक्त्यावर मोजली गेली. त्यात एक रकाना मात्र फार क्वचित दिसे. चार-पाच वर्षं मन लावून भरलेले पत्ते, भेटी, कामांच्या याद्या आणि टिपणं घेऊन उद्या हे यंत्र सोडायचं ठरवलं, तर काय सोबत नेता येईल आणि काय मागे राहील?

माझं म्हणणं असं की हा रकाना पहिला हवा होता, आजही हवा, आणि तो भरून देण्याची सक्ती उत्पादकावर कायद्यानेच असायला हवी. ऑर्गनायझर आता वेगळी वस्तू म्हणून उरलेला नाही, तो फोनमध्ये विरघळला. तरीही त्या छोट्या यंत्रांकडे परत जाण्याचं मला एक ठाम कारण दिसतं. ती लढाई पूर्ण संपली आहे. आजच्या दोन मोठ्या फोन-प्रणालींचा विषय निघाला की माणसं लगेच आपापल्या बाजूला जाऊन उभी राहतात, पामवरून आता कुणी भांडत नाही. त्यामुळे काय चांगलं होतं आणि कशाने नुकसान झालं, हे शांतपणे तपासता येतं.

१९९६च्या मार्चमध्ये पामचे पहिले ऑर्गनायझर, पायलट १००० आणि पायलट ५०००, बाजारात आले, तेव्हा त्या तक्त्यानुसार ती यंत्रं अगदी सामान्य होती. मोटोरोलाचा १६ मेगाहर्ट्‌झचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, १६० बाय १६० ठिपक्यांचा करडा पडदा, १२८ किंवा ५१२ किलोबाइट मेमरी, दोन छोटे सेल. ॲपलचा न्यूटन १९९३मध्येच आला होता, त्यात २० मेगाहर्ट्‌झचा आर्म प्रोसेसर होता आणि माणसाचं नेहमीचं हस्ताक्षर वाचण्याची महत्त्वाकांक्षा होती. मग पायलट का चालला? स्वस्त होता, खिशात बसत होता, ग्राफिटी या त्याच्या सोप्या केलेल्या लेखनपद्धतीची अक्षरं थोड्या सरावाने जमत होती, ही उत्तरं बरोबरच आहेत. मला मात्र त्याच्यासोबत मिळणारं क्रेडल, म्हणजे संगणकाला जोडलेली बैठक, आणि त्यावरचं एक बटण जास्त महत्त्वाचं वाटतं. यंत्र क्रेडलमध्ये ठेवायचं, बटण दाबायचं, की हॉटसिंक, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळवण्याचं काम, सुरू होई आणि प्रत्येक नोंद टेबलावरच्या संगणकात उतरे. यंत्र पडलं, हरवलं, सेल संपून आतली मेमरी पुसली गेली, तरी नोंदी घरच्या संगणकात सुरक्षित असत. नोंदींचं मूळ ठिकाण वापरणाऱ्याच्या ताब्यात होतं. खिशातलं यंत्र ही त्यांची सोबत नेता येणारी प्रत होती.

हॉटसिंकच्या आत काय चालतं हेही कंपनीने झाकून ठेवलं नाही. संगणक आणि पाम यांच्यामधल्या जोडप्रोग्रॅमला कंड्युइट म्हणत आणि तो कसा लिहायचा याची कागदपत्रं प्रसिद्ध होती. डेटाबेसच्या फाइलची रचना प्रसिद्ध होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पत्त्यांची वही, दिनदर्शिका, टिपणवही या पामच्या स्वतःच्या प्रोग्रॅमांचा मूळ कोड प्रोग्रॅमरांना मिळणाऱ्या संचात नमुना म्हणून दिलेला असे. याचा परिणाम फार खोल होता. दुसऱ्या कुणी जास्त चांगली दिनदर्शिका लिहिली, तर ती स्वतःचा वेगळा साठा न करता पामच्या मूळ दिनदर्शिकेचाच डेटाबेस वापरू शकत होती. डेटबुक किंवा अजेंडससारखे प्रोग्रॅम असेच चालत. ते आवडले नाहीत तर काढून टाकायचे, नोंदी जिथल्या तिथे. प्रोग्रॅम बदलण्यासाठी नोंदींचं स्थलांतर करावंच लागत नसे.

आज याची कल्पना करून पाहा. टिपणांचं एक ॲप सोडून दुसरं घ्यायचं म्हटलं की आधी निर्यात, मग आयात, मग हरवलेल्या चित्रांची आणि बिघडलेल्या याद्यांची शोधाशोध. पत्ते आणि दिनदर्शिका यांचा सामाईक साठा फोनवर अजून आहे, पण टिपणं, सवयींच्या नोंदी, खर्चाचा हिशेब हे सगळं ज्या-त्या ॲपच्या कुलपात असतं.

सामाईक साठ्याची कल्पना पामच्या आधी न्यूटनने जास्त धाडसाने मांडली होती. न्यूटनमध्ये नेहमीच्या अर्थाने फाइल नव्हत्या. सगळ्या नोंदी ‘सूप’ नावाच्या साठ्यांमध्ये असत आणि कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या सूपमधली नोंद वाचू शके, तिच्यात भर घालू शके. पहिल्या आवृत्तीच्या हस्ताक्षर-ओळखीची इतकी थट्टा झाली की आतली ही सुंदर रचना बहुतेकांच्या लक्षातच आली नाही. १९९८च्या फेब्रुवारीत ॲपलने न्यूटन बंद केला. पुढची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. न्यूटनच्या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्णांकाला ३० बिट होते आणि वेळ १९९३च्या आरंभापासूनच्या सेकंदांत मोजली जाई. हा आकडा २०१०च्या जानेवारीत मर्यादेबाहेर जाणार होता, म्हणजे तारखा कोलमडणार होत्या. बंद पडून बारा वर्षं झालेल्या यंत्रासाठी दुरुस्ती कोणी केली? ते वापरणाऱ्या हौशी जाणकारांनी. निर्मात्याने पाठ फिरवल्यावरही यंत्र जिवंत राहू शकतं, पण त्याची आतली रचना बाहेरच्या माणसाला समजलेली असेल आणि बाहेरून लिहिलेला प्रोग्रॅम ते यंत्र स्वीकारत असेल तरच.

सायऑनबद्दल थोडक्यात. १९९७च्या सीरीज ५चा कीबोर्ड आजही वाखाणला जातो आणि ते योग्यच आहे. माझ्या मुद्द्यासाठी ओपीएल जास्त मोलाची. ही प्रोग्रॅमिंग भाषा यंत्रातच होती. संगणक न जोडता, आगगाडीत बसून, त्याच कीबोर्डवर आपल्या गरजेचा प्रोग्रॅम लिहायचा आणि तिथेच चालवायचा. खिशातलं यंत्र विकत घेणारा माणूस त्याचा कारागीरही होऊ शकतो, हा विश्वास त्यात होता. आजच्या फोनमध्ये सायऑनच्या कित्येक पट ताकद आहे, पण तो विश्वास मला कुठे दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण पामच्या चाहत्यांनी ती बहुधा मांडलीच नाही. लहान यंत्रांसाठीची तिची प्रणाली, विंडोज सीई, १९९६च्या नोव्हेंबरमध्ये आली; पॉकेट पीसी तिच्यावरच चालत. सुरुवातीची यंत्रं जड वाटत, मेनू संगणकाचे तसेच लहान पडद्यावर आणलेले. शिवाय पुढे प्रोसेसर तीन घराण्यांचे झाले, एमआयपीएस, एसएच३ आणि आर्म, त्यामुळे एकच प्रोग्रॅम प्रत्येकासाठी वेगळा बांधावा लागे. पॉकेट पीसी २००२पासून फक्त आर्म उरला आणि हा गोंधळ मिटला. पण विंडोज सीई आतून पहिल्यापासून युनिकोडवर, म्हणजे जगातल्या लिपींसाठीच्या एका सामाईक अक्षरसंचावर, उभी होती. पाम मात्र एका बाइटच्या पाश्चात्त्य लिपीसंचात अडकला होता, जपानीसाठी त्याची वेगळी आवृत्ती काढावी लागे. माणसाचं नाव त्याच्याच लिपीत नोंदवता येणं ही ऑर्गनायझरची किरकोळ सोय म्हणता येणार नाही, पत्त्यांच्या वहीचं ते पहिलं काम आहे. देवनागरीची जोडाक्षरं नीट दाखवण्याची सोय केवळ युनिकोडने येत नव्हती, तरी पाया योग्य होता. याबाबतीत पाम मागे होता आणि त्याच्या खुलेपणाचं कौतुक करताना हे लपवू नये.

मायक्रोसॉफ्टचं दुखणं वेगळ्या जागी होतं. २०००मध्ये कॉम्पॅकचा आयपॅक हा पॉकेट पीसी आला, २०६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २४० बाय ३२० ठिपक्यांचा रंगीत पडदा घेऊन. तक्त्यात त्याने पामला सहज मागे टाकलं. पण त्याच्या नोंदी जायच्या त्या ॲक्टिव्हसिंक या मायक्रोसॉफ्टच्या जोडप्रोग्रॅममधून, विंडोज चालवणाऱ्या संगणकात, आउटलुक या तिच्याच ईमेल-दिनदर्शिकेच्या प्रोग्रॅममध्ये. विंडोज आणि आउटलुक वापरणाऱ्याला हे अगदी गुळगुळीत वाटे. ज्याला ते वापरायचे नव्हते त्याला तिसऱ्याच कुणाचा प्रोग्रॅम शोधावा लागे. खिशातलं यंत्र निवडताना माणूस नकळत टेबलावरचा संगणक, ईमेलचा प्रोग्रॅम आणि पुढची कित्येक वर्षं निवडत होता. परिसंस्था या शब्दाने आपण ज्याचं कौतुक करतो, त्यात ही बांधिलकीही येते.

आणि मग एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायची वेळ येई. इथे खरी किंमत कळे. पामच्या दिनदर्शिकेला बराच काळ टाइम झोन माहीतच नव्हता. दहाची भेट म्हणजे यंत्राच्या घड्याळात दहा, मग तुम्ही कुठेही असा. आउटलुक तीच वेळ जागतिक वेळेत बदलून साठवी. त्यामुळे प्रवासात घड्याळ बदललं की एकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या भेटी काही तास सरकत आणि दिवसभराच्या नोंदी आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी सांडत. पामच्या टिपणाला अनेक वर्षं चार किलोबाइटची मर्यादा होती, मोठं टिपण संगणकावरून आलं की त्याची शेपटी कापली जाई. वर्गवारीसाठी जेमतेम सोळा कप्पे. पत्त्यांच्या वहीत वाढदिवसासाठी वेगळी जागाच बराच काळ नव्हती, म्हणून लोक तो चार मोकळ्या रकान्यांपैकी एकात लिहीत आणि दुसऱ्या प्रणालीत गेल्यावर ती तारीख निव्वळ मजकूर बनून बसे. यात कुणाचा दुष्टपणा होता असं मला म्हणायचं नाही. प्रत्येकाने जगाकडे पाहण्याची आपली रचना बनवली होती. पण नुकसान वापरणाऱ्याचं होई आणि कळे ते महिन्यांनंतर, एखादा वाढदिवस निघून गेल्यावर किंवा एखाद्या भेटीला तासभर उशिरा पोहोचल्यावर.

यावर एक उत्तर नेहमी येतं, मानकं करा. मानकं झालीच की. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या मध्याला पत्त्यांसाठी व्हीकार्ड आणि भेटींसाठी व्हीकॅलेंडर ही मानकं तयार केली. १९९८मध्ये व्हीकॅलेंडरच्या पुढचं आयकॅलेंडर आलं. त्याच वर्षी पाम थ्रीवर इन्फ्रारेडचं छोटं खिडकीवजा भिंग आलं आणि पत्ता समोरच्याच्या यंत्रात पाठवता येऊ लागला. २०००मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, आयबीएम, पाम, सायऑन यांनी सिंकएमएलचा घाट घातला, सगळ्या यंत्रांसाठी एकच सिंक व्हावा म्हणून. मायक्रोसॉफ्ट त्या संस्थापकांत नव्हती. या प्रयत्नांमधलं व्हीकार्ड आणि आयकॅलेंडर आजही आपल्या फोनमध्ये आहेत आणि त्यांच्यामुळेच पत्ते अजून हलवता येतात. मानक कागदावर असणं आणि ते पूर्णपणे, इमानाने पाळलं जाणं यात मात्र अंतर राहतं. जो आघाडीवर असतो त्याला नवा ग्राहक आत घेण्याची घाई असते, जुना बाहेर जाऊ देण्याची नसते. म्हणून आयात नेहमी उत्तम चालते आणि निर्यातीचं बटण सेटिंगच्या चौथ्या पानावर सापडतं.

बाजार हे आपोआप सुधारेल, असं मानणाऱ्यांचा युक्तिवाद मला पटत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. यंत्र विकत घेताना माणसाकडे नोंदी नसतातच. पडदा दुकानात दिसतो, वेग दुकानात कळतो, बाहेर पडण्याच्या रस्त्याची गरज चार वर्षांनी उगवते. तोवर पैसे देऊन झालेले असतात, हात वळलेला असतो, हजारो नोंदी आत असतात. खरेदीच्या क्षणी ज्या गुणाची किंमत ग्राहक ओळखू शकत नाही, त्या गुणासाठी उत्पादक स्वतःहून खर्च करत नाहीत. इमारतीत आगीच्या वेळी उतरायचा जिना असावा हे आपण घर घेणाऱ्याच्या चोखंदळपणावर सोडत नाही.

हाताच्या सवयीचं उदाहरण यात मुद्दाम घालतो. झेरॉक्सने १९९७मध्ये ग्राफिटीवर पेटंटचा दावा लावला. २००३मध्ये पामने ग्राफिटी सोडून ग्राफिटी २ आणली, काही अक्षरांना एकाऐवजी दोन फटकारे लागू लागले. वर्षानुवर्षं न बघता लिहिणाऱ्यांची बोटं अडखळू लागली. पुढे २००४मध्ये ते पेटंट न्यायालयात अवैध ठरलं, पण सवय तोवर मोडली होती. लिहिण्याची पद्धतसुद्धा आपण कुणाकडून तरी उसनी घेतलेली असते आणि ती एका निकालाने परत जाऊ शकते.

आता सुरक्षिततेचा आक्षेप. तो वजनदार आहे. पामच्या त्या मोकळ्या रचनेत कुठलाही प्रोग्रॅम कुठलाही डेटाबेस वाचू शकत होता, परवानगी विचारण्याची पद्धतच नव्हती. ‘खासगी’ अशी खूण केलेली नोंद सुरुवातीच्या आवृत्त्यांत फक्त पडद्यावरून लपे, आत ती उघडीच असे. एका प्रोग्रॅमची चूक झाली की अख्खं यंत्र अडके आणि रीसेट करावं लागे. आजच्या फोनमध्ये, जिथे बँक आहे, आजारपणाचे कागद आहेत, तिथे हे चालणार नाही, आणि कुणी तसं सुचवतही नाही. पण ॲप एकमेकांपासून वेगळी ठेवणं, प्रत्येक साठ्यासाठी मालकाची परवानगी घेणं, साठा कूटबद्ध करणं ही संरक्षणं एक गोष्ट. प्रोग्रॅम एकाच दुकानातून घ्यावा लागणं आणि नोंदी बाहेर नेता न येणं ही दुसरी. पहिलीच्या नावाखाली दुसरी खपवली जाते. फोनमधली पत्त्यांची वही आजही परवानगी घेऊन दुसऱ्या ॲपला वाचू देता येते आणि त्याने आभाळ कोसळलेलं नाही. तोच नियम टिपणांना आणि खर्चाच्या हिशेबाला का लावता येऊ नये?

साधेपणासाठी बंदिस्तपणा लागतो, हेही म्हटलं जातं. पायलट त्याचं जिवंत उत्तर होता. वापरायला त्याहून सोपं यंत्र त्या काळी क्वचितच होतं आणि त्यावर प्रोग्रॅम टाकायला कुणाची मंजुरी लागत नव्हती. प्रोग्रॅमरने फक्त चार अक्षरांची ओळख नोंदवायची, तीही दुसऱ्याशी टक्कर होऊ नये म्हणून. तो साधेपणा काय काय नको हे ठरवण्याच्या शिस्तीतून आला होता, कुलपांचा त्यात काही वाटा नव्हता.

शेवटाकडे पाम स्वतःच या गोष्टीचं दुःखद उदाहरण बनला. २००२मध्ये पाम ओएस ५ने प्रोसेसर बदलला तरी जुने प्रोग्रॅम चालू ठेवले, हे मोठं काम होतं. नंतर कंपनी यंत्रं आणि प्रणाली अशी दुभंगली. कोबाल्ट नावाची पुढची प्रणाली २००४मध्ये तयार झाली, पण ती घेऊन एकही यंत्र बाजारात आलं नाही. २००९मध्ये पूर्ण नवी वेबओएस आली, प्री नावाच्या फोनवर. तिच्यात हॉटसिंकचं क्रेडल नव्हतं. पामच्या सर्व्हरवरच्या खात्यात नोंदींची प्रत राहत असे. २०१०मध्ये एचपीने कंपनी घेतली, २०११मध्ये फोन बंद केले, २०१५च्या जानेवारीत ते सर्व्हरही बंद झाले. १९९६चा पायलट आजही एखाद्या जुन्या संगणकाला जोडून सिंक करता येतो, त्यासाठी कुणाचं अस्तित्व लागत नाही. त्याच कंपनीच्या तेरा वर्षं नव्या फोनला रीसेटनंतर ज्या खात्यात शिरून चालू व्हायचं, त्याला दारच उरलं नाही. नोंदींचं मूळ ठिकाण वापरणाऱ्याच्या टेबलावरून कंपनीच्या सर्व्हरवर गेलं, आणि या बदलाला आपण सगळ्यांनी प्रगती म्हटलं. सोयीच्या दृष्टीने ती होतीही. पण तिच्यासोबत जी हमी मागायला हवी होती ती मागितली गेली नाही.

युरोपीय संघाने सुरुवात केली आहे. २०१८मध्ये लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम २०ने आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा प्रचलित स्वरूपात मागण्याचा हक्क दिला. २०२४च्या मार्चपासून डिजिटल मार्केट्‌स ॲक्टची बंधनं मोठ्या कंपन्यांवर लागू झाली. ही पावलं मोलाची आहेत, तरी दोन जागा मोकळ्या राहतात. माहिती वाचता येण्यासारखी दिली म्हणजे ती दुसरीकडे अर्थासकट बसली असं होत नाही. पुनरावृत्त होणारी भेट शेकडो सुट्या नोंदी बनून आली तर अक्षर पाळलं गेलं, आशय गेला. म्हणून नोंदीच्या रचनेचं पूर्ण वर्णन यंत्र विकायला येण्याआधी प्रसिद्ध असलं पाहिजे, पामने केलं होतं तसं. आणि दुसरी, प्रणाली बंद करणाऱ्या कंपनीचं काय? सर्व्हर बंद करण्याआधी पुरेशी मुदत, सगळ्या नोंदी उतरवून घेण्याचं साधन आणि खात्याशिवाय यंत्र चालू करण्याची वाट, एवढं कायद्याने बांधून घ्यायला हवं. लहान उत्पादकांना हा भार झेपणार नाही असं सांगितलं जाईल. पाम रचना प्रसिद्ध करत होता तेव्हा तो या क्षेत्रात नवखाच होता.

कायदा येईपर्यंत परीक्षण लिहिणाऱ्यांना एक काम आजच करता येईल. नवं यंत्र किंवा नवं ॲप हातात आलं की त्यात मुद्दाम अवघड नोंदी भराव्यात: दर महिन्याच्या ३१ तारखेला येणारी भेट, वेगळ्या टाइम झोनमधली बैठक, जोडाक्षरांनी भरलेली नावं, चित्रं असलेलं लांबलचक टिपण, वाढदिवस. मग सगळं बाहेर काढून प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रात घालावं आणि काय पोहोचलं, काय वाटेत गळलं, ते पडद्याच्या आकाराच्या आणि बॅटरीच्या आधी, तक्त्याच्या पहिल्या ओळीत छापावं.